आंबा घाटात माझ्याकडे पाठ करून उभे राहिलेल्या दादांना

दादा,

तुमचं नाव मी विचारलं नाही आणि अंधारात चेहराही नीट पाहिला नाही. आठवते ती तुमची पाठ. भिजून अंगाला चिकटलेला शर्ट, डोक्यावर प्लॅस्टिकच्या पोत्याची खोळ आणि वर धरलेली टॉर्च.

ऑगस्टातली संध्याकाळ होती. आईचा गुडघा कोल्हापुरात दाखवून आम्ही दोघी रत्नागिरीला परत निघालो होतो. आंबा गाव मागे पडलं, घाट उतरायला लागला आणि गाडी मागून डुलायला लागली. उजवीकडचं मागचं चाक बसलं होतं. म्हणजे रस्त्याच्या बाजूचं. चाकाशी वाकायचं तर वरून धुक्यातून उतरणाऱ्या ट्रकांकडे पाठ करूनच वाकावं लागणार होतं.

तुम्ही येण्याआधीचा पाऊण तास मी विसरू शकत नाही. रस्त्यावर मदत मिळावी म्हणून विम्याबरोबर मी दरवर्षी वेगळे पैसे भरते. रेंजची एक कांडी मिळाली तशी फोन लावला, तर पलीकडची मुलगी घाटाचा पिनकोड विचारत राहिली. पिनकोडशिवाय तक्रार नोंदवताच येत नाही म्हणाली. दोन गाड्या थांबल्या. एकाने काच अर्धी खाली करून विचारलं, "बरोबर कोणी पुरुषमाणूस नाही का?" नाही म्हटल्यावर काच वर गेली. दुसऱ्याने स्टेपनी आहे ना, मग बदला, असं सांगितलं आणि गेला. स्टेपनी होती हो. अठरा वर्षं गाडी चालवते आहे, पण चाक बदलायला मला कधी कोणी शिकवलं नव्हतं. ड्रायव्हिंग स्कूलने नाही, घरच्यांनीही नाही. "तुला कशाला लागतंय ते?" एवढंच ऐकलं होतं.

मग तुमचा भाजीचा पिकअप आला. तुम्ही उतरलात ते चाकाकडे न बघता आधी रस्त्याकडे बघत. "ताई, हितं नगं. वळणावर हाय गाडी, उतारबी हाय. हळूहळू म्होरं घ्या, सपाटीला." मी म्हटलं, तशीच चालवली तर टायर फाटेल. तुम्ही म्हणालात, "टायर गेला तर जाऊ दे, रिंग वाकली तर वाकू दे. तुमी ऱ्हायला पायजे."

दादा, हे वाक्य मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं आहे.

आईला तुम्ही गाडीतून उतरवलंत, कारण जॅकवर चढलेल्या गाडीत कुणी बसू नये. रिकामा क्रेट उपडा करून तिला डांबरापासून लांब बसवलंत, हातात छत्री दिलीत. माझ्या डिकीतला लाल त्रिकोण तर अजून पिशवीतून निघालाही नव्हता. तो घेऊन तुम्ही चालत वळणाच्या वर गेलात आणि तिथे ठेवून आलात. गाडीमागे ठेवून काय उपयोग, वरून येणाऱ्याला वळायच्या आधी दिसला पाहिजे, म्हणालात. पिकअप माझ्या गाडीच्या मागे थोड्या अंतरावर लावून चारही इंडिकेटर चालू ठेवलेत.

मला वाटलं आता पाना घ्याल आणि काम उरकाल. पाना तुम्ही माझ्या हातात दिलात. "रस्त्यावर एक माणूस दिसायला पायजे. त्यो मी हुतो. चाक तुमी खोला, मी सांगतो." आणि माझ्या आणि येणाऱ्या गाड्यांच्या मधे, माझ्याकडे पाठ करून, टॉर्च हलवत उभे राहिलात. धोक्याची जागा तुम्ही घेतलीत आणि काम मला दिलंत.

याच्यासाठी हे पत्र लिहिते आहे. बाईमाणूस चिखलात बसून झगडते आहे याकडे तुम्ही टक लावून बघत बसला नाहीत. हात थरथरत होते, दोनदा पाना निसटला, एकदा मी रडलेही. तुम्ही वळून पाहिलं नाहीत. पण लक्ष सगळं माझ्याकडेच होतं. सर्व्हिसिंगच्या वेळी मशीनने नट असे आवळून ठेवले होते की हलता हलेनात. तुम्ही मागे न बघता म्हणालात, "हातानं न्हाई, पायानं. पाना आडवा धरा आणि वजन टाका." कट्ट आवाज झाला आणि तुम्ही पाठीनेच ओळखलंत. "सुटला! आता तेवढाच ऱ्हाऊ दे, पुरता काढू नगा. आधी सगळे सैल, मग जॅक." सपाटीलाही गाडीचं तोंड थोडं उताराकडेच आहे म्हणून गिअर रिव्हर्सला टाकायचा, हँडब्रेक ओढायचा, पुढच्या चाकाला उताराच्या बाजूने दगड लावायचा, हे सगळं तुम्ही तसंच सांगितलंत. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवायला लावलंत. जॅक निसटलाच तर गाडी त्याच्यावर बसेल, माणसावर नाही. इतकी साधी गोष्ट मला या वयात कळली.

एक ट्रक फार जवळून गेला तेव्हा तुम्ही एक पाऊलही मागे आला नाहीत. मी ते खालून, तुमच्या चपलांकडे बघून पाहिलं.

गाडी जॅकवरून उतरली, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा वळलात. "बघू का?" असं विचारलंत आणि मग पाचही नटांना पाना लावून पाहिलात. "बेस आवळलंय." माझी नोकरी लागली तेव्हाही मला इतकं भरून आलं नव्हतं.

निघताना मी लावलेला दगड तुम्ही उचलून गटाराच्या पलीकडे टाकलात. असे चाकाचे दगड रस्त्यात तसेच पडलेले मी आयुष्यभर पाहत आले आहे. रात्री त्यावर मोटरसायकलवाले पडतात. इतक्या पावसात, भाजी पोचवायला उशीर होत असताना तुम्हाला मागून येणाऱ्या अनोळखी माणसाची आठवण राहिली. शिकलेल्या, मोठ्या गाड्यांतल्या माणसांत मला हे फार कमी दिसलं आहे.

साखरप्यापर्यंत तुम्ही माझ्या मागे राहिलात. स्टेपनीत हवा कमी आहे, पंक्चरवाल्याकडे आधी भरून घ्या, असं बजावलं होतंत. मी दुकानाशी थांबले, पैशांसाठी नव्हे, नीट हात जोडायला खाली उतरत होते, तोवर तुम्ही दोनदा हॉर्न वाजवून पुढे निघून गेलात.

आता महिन्यातून एकदा मी स्टेपनीची हवा बघते. लेकीला अंगणात चाक काढायला आणि बसवायला लावलं. पहिल्यांदा तिला चाळीस मिनिटं लागली. मी तिच्याकडे पाठ करून उभी राहिले आणि नट सुटल्याचा आवाज ऐकला.

आणि दादा, तुमचा क्रेट आमच्याकडे राहिला आहे. घाईत आईने तो आमच्याच डिकीत टाकला. निळा आहे, एका कोपऱ्याला तांब्याची तार गुंडाळलेली. बाजारात क्रेट कमी भरला म्हणून तुमचे पैसे कापले गेले असतील, याची आईला रोज रुखरुख लागते. तिने तो धुऊन ठेवला आहे. आम्ही महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तिच्या गुडघ्यासाठी याच रस्त्याने कोल्हापूरला जातो आणि संध्याकाळी परततो. क्रेट गाडीतच असतो.

तुमची,
आंबा घाटातली ताई