पाटी उघडी, पाटी आडवी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘प्रतिकारशक्ती वाढवा, कॅन्सरला हरवा’ अशी एका चूर्णाची पानभर जाहिरात होती. दुसऱ्याच दिवशी साडूंकडे चोपड्याला गेलो, तर फडताळात त्याच चूर्णाचा डबा! साडूंच्या गालात आतून गाठ आहे; तीस वर्षांच्या तंबाखूची कमाई. बायोप्सीच्या रिपोर्टवरच्या ‘पीडी-एल१’ या अक्षरांवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “हाई काय शे भाऊ?”

मी निवृत्त जीवशास्त्र शिक्षक. त्यांना सांगितलं तेच इथे लिहितो.

शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशी आतल्या प्रथिनांचे तुकडे बाहेर मांडून ठेवतात, आठवडे बाजारात पाटीत भाजी मांडावी तशा. या पाटीचं नाव एचएलए. टी पेशी, म्हणजे शरीराच्या पहारेकरी पेशी, चोखंदळ गिऱ्हाइकासारख्या फिरत असतात. भलताच तुकडा, म्हणजे प्रतिजन, दिसला की ती पेशी मारतात. म्हणून कर्करोगाच्या बऱ्याच पेशी पाट्याच आवरून बसतात. टी पेशींनी सोडलेला इंटरफेरॉन-गॅमा हा निरोप्या रेणू त्यांना पाट्या पुन्हा बाहेर काढायला लावतो, लपलेला माल उघडा पडतो.

जाहिरातवाल्यांची गोष्ट इथेच संपते. खरी पुढे आहे. त्याच इंटरफेरॉनमुळे तीच कर्करोगाची पेशी अंगावर पीडी-एल१ हे प्रथिनही चढवते. ही दुसऱ्या अर्थाची पाटी, ‘इथे थांबू नका’ म्हणणारी! टी पेशीवरच्या पीडी-१ या प्रथिनाला ती चिकटली की टी पेशी थंडावते. पीडी-१ शोधणारे जपानचे तासुकू होन्जो २०१८च्या नोबेलचे एक मानकरी. ही पकड सोडवणारी औषधं आज वापरात आहेत, आणि ती कोणाला द्यायची हे ठरवताना रिपोर्टमधला पीडी-एल१चा आकडा बघतात. काही गाठी तर इंटरफेरॉनचा निरोप आत पोचवणारी जॅक प्रथिनंच मोडून टाकतात. मग बाहेर कितीही हाकारा, आत ऐकायला कोणी नाही.

आता यात ‘वाढवायचं’ म्हणजे नेमकं काय? इंटरफेरॉन वाढला तर दोन्ही पाट्या वाढतात. शुद्ध इंटरफेरॉनची इंजेक्शनं काही कर्करोगांत डॉक्टरांनी वापरली आहेत. त्यांनी ताप येतो, अंग मोडून येतं, रक्त तपासत राहावं लागतं. चूर्णाच्या डब्यावर मात्र ‘दुष्परिणाम शून्य’.

औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ सालचा आहे, आणि कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातीला त्यात मनाई आहे. (गुटख्यावरही राज्यात २०१२ पासून बंदी आहे म्हणा. टपऱ्या आपण बघतोच.) साडूंनी दवाखान्याची पुढची तारीख लांबणीवर टाकली होती, ‘आधी डबा संपू दे’ म्हणून. मी ती तारीख पुन्हा घ्यायला लावली आणि डबा पिशवीत घालून घरी आणला.

ही जाहिरात घेताना आपल्या कार्यालयाने त्या मंडळींकडे कोणता पुरावा मागितला होता, एवढं कृपया छापावं.

आपला,
एक जुना वाचक, अमळनेर