मिस्त्री काका, तुमच्या त्या पेन्सिलीसाठी थँक्यू

मिस्त्री काका,

नमस्कार. हे तुम्ही फोनवर स्वतः वाचणार नाही हे मला माहितीये, कोणीतरी वाचून दाखवेल आणि तुम्ही मध्येच "बास, पुढे काय ते सांग" म्हणाल, म्हणून आभार आधीच मानून टाकते. मनापासून आभार. आता कशाबद्दल ते सांगते, कारण "तुम्ही मला सुतारकाम शिकवलंत" एवढंच लिहिलं तर तुम्हीच विचाराल, नक्की काय शिकवलं ते लिही ना.

तर त्या आठ फळ्या. रॅकचे कप्पे, आठही एकाच मापाचे हवे होते. पहिली फळी मी टेपने नीट मोजून कापली, मग ती दुसरीवर ठेवून रेघ मारली, दुसरी तिसरीवर ठेवली, तिसरी चौथीवर, आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होते की आता टेप लागतच नाही. प्रत्येक वेळी पेन्सिलीची रेघ अर्धा मिलीमीटर बाहेर पडत होती आणि मी रेघ ठेवून कापत होते, म्हणजे आठवी फळी पहिलीपेक्षा साडेतीन मिलीमीटर लांब! रॅकमध्ये ती जाईच ना, मी हातोडीने ठोकत बसले आणि रॅकची बाजूची फळी फाकली. तुम्ही विचारलंत काय झालं, मी म्हटलं घाई झाली. त्यावर तुम्ही जे विचारलंत ते अजून कानात आहे, "घाई म्हणजे काय गं? घाईत नक्की काय सोडलंस?"

मला उत्तर येईना. मग तुम्ही ती चपटी पेन्सिल हातात दिलीत आणि त्या आठव्या फळीच्या मागे लिहायला लावलंत. "दरवेळी पहिल्या फळीवरून माप घ्यायला हवं होतं, मी आधीच्या फळीवरून घेतलं." खाली तारीख. खरं सांगू का, तेव्हा भयंकर राग आला होता. एवढी मोठी बाई मी, आणि शाळेतल्यासारखं "मी असं पुन्हा करणार नाही" लिहून घेताय की काय! पण तसं नव्हतं ते. पुन्हा करणार नाही असं तुम्ही कधीच लिहून घेतलं नाहीत. काय झालं तेवढंच लिहायचं. आणि "घाई", "लक्ष नव्हतं", "नशीब" आणि "लाकूडच खराब होतं" ही चार कारणं चालणार नाहीत. लाकूड खरंच खराब असेल तर कुठली गाठ दिसत असताना तोच तुकडा उचललास ते लिही म्हणायचात.

टेबलाचं आठवतंय ना? तीन सागाच्या फळ्या जोडून साठ सेंटीमीटर रुंदीचा टॉप केला होता, खाली दोन आडव्या पट्ट्या, भरपूर गोंद आणि वर स्क्रूपण, कारण माझ्या डोक्यात जेवढं घट्ट तेवढं मजबूत. काही महिने मस्त राहिला. मग हवा कोरडी पडली आणि एका रात्री फाडकन आवाज, मला वाटलं काहीतरी पडलं. सकाळी बघते तर टॉपला लांबच्या लांब चीर, तीही जोडावर नाही, जोड तर तसाच पक्का होता, बाजूच्या चांगल्या लाकडात. मी रडायच्या बेतात आणि तुम्ही चिरेत नख घालून शांतपणे विचारताय की फळीच्या लाकडातल्या रेघा कुठून कुठे जातात आणि पट्टीच्या कुठून कुठे.

तेव्हा पहिल्यांदा कळलं की लाकूड मेलं तरी हलायचं थांबत नाही. हवेतली ओल घेतं आणि फुगतं, सुकलं की आक्रसतं, पण ते सगळं रुंदीत, लांबीत जवळजवळ काहीच नाही. आणि रुंदीतही सगळीकडे सारखं नाही, वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने जेवढं आक्रसतं त्याच्या साधारण निम्मंच गाभ्यापासून सालीच्या दिशेने, म्हणून तर फळी पन्हाळीसारखी वाकते. साठ सेंटीमीटरचा टॉप वर्षभरात तीनेक मिलीमीटर सहज कमीजास्त होतो. फळी रुंदीत आक्रसणार, तिला आडवी लावलेली पट्टी मात्र लांबीत तसूभर हलणार नाही, दोघींना मी गोंदाने आणि स्क्रूने बांधून ठेवलेलं, मग कुठेतरी तुटणारच ना.

पण हे सगळं कळूनसुद्धा कारण लिहायला मला तीन प्रयत्न लागले. आधी लिहिलं "स्क्रू जास्त घट्ट झाले", तुम्ही काट मारलीत. मग लिहिलं "पट्टी आडवी लावली". तुम्ही म्हणालात, पट्टी आडवीच लावतात, नाहीतर टॉप वाकेल. तिसऱ्यांदा लिहिलं, "फळीला सरकायला जागा ठेवली नाही". तेव्हा कुठे तुम्ही पेन्सिल परत घेतलीत. नवीन टॉपला फक्त मधला स्क्रू घट्ट आहे, कडेच्या स्क्रूंना लांबट भोकं आणि वॉशर, गोंद अजिबात नाही. अजून एक चीर नाही, मी दर महिन्याला खाली वाकून बघते, घरचे हसतात.

पटाशीचं फार लिहीत नाही, अंगठ्यावरची खूण आहेच. बोथट पटाशी म्हणजे जास्त जोर, जास्त जोर म्हणजे सटकणं, आणि डावा हात धारेच्या पुढे. धार मी रोज लावत होते हो, पण फक्त उताराच्या बाजूने, मागची बाजू दगडावर सपाट घासून धारेवर उरलेली ती बारीक कणी काढायचीच असते हे मला माहीतच नव्हतं. आणि पॉलिशवर दिसलेले ते फिकट डाग, तोही माझाच प्रताप, बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसला म्हणजे पसरवलाच की, जिथे गोंद मुरला तिथे रंग धरेना. आता थोडा घट्ट होऊ देते आणि पटाशीने अलगद उचलते.

एक मात्र तुमचं मला अजिबात पटत नाही, रागावलात तरी सांगणार. पॉलिश पेपर मारताना तुम्ही मास्क लावत नाही. "एवढी वर्षं काही झालं नाही" हे कारण तुमच्याच नियमात बसत नाही काका. लाकडाच्या धुळीने कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलंय. मी चार मास्क पाठवतेय, भिंतीवरच्या खिळ्याला शोभेला लटकवू नका.

सोबत एक छोटी पेटी पण आहे. झाकण मापात आहे, कोपरे गुण्यात, म्हणजे बरोबर काटकोनात आहेत, बिजागऱ्यांच्या खाचा पहिल्या झटक्यात बसल्या, माझा मलाच विश्वास बसला नाही. चूक एक आहे. तळाशी पेन्सिलीने लिहून ठेवलीये, तारखेसकट, पण आधी पेटी उलटी करून बघायची नाही. शोधा आणि फोन करा. दोन दिवसांत सापडली नाही तर मी जिंकले.

तुमचीच,
आठव्या फळीवाली