निवडणुकीला उभे राहण्याआधी

खानापूर

चि. अनघा हिस अनेक आशीर्वाद.

जिल्हा पंचायतीची निवडणूक लागलीच तर उभी राहू का, असे तू फोनवर विचारलेस आणि मी विषय टाळला. मला ते पसंत नाही, असा अर्थ तुझ्या आईने काढला. तसे नाही. ज्या पंचायत खात्यात तेहतीस वर्षे फायली हाकल्या, त्याविषयी बोलू लागलो की माझी चिडचिडच जास्त होते, म्हणून लिहायला बसलो.

मी नोकरीला लागलो ते १९८७ साली. कर्नाटकाच्या १९८३ च्या जिल्हा परिषद कायद्याखालची पहिली निवडणूक नुकतीच झाली होती. जिल्हा परिषदेच्या (म्हणजे आजच्या जिल्हा पंचायतीच्या) अध्यक्षाला राज्यमंत्र्याचा दर्जा होता आणि परिषदेचा मुख्य सचिव म्हणून येणारा आयएएस अधिकारी, जो जिल्हाधिकाऱ्याहूनही ज्येष्ठ असे, तो अध्यक्षाच्या हाताखाली काम करी. ज्यांना लोक कौतुकाने ‘नीरसाब’ म्हणत, त्या तेव्हाच्या पंचायतराज मंत्री अब्दुल नझीरसाबांची ही करणी. पण मुदत संपली, पुढची निवडणूक वेळेवर झाली नाही आणि प्रशासक आले.

म्हणूनच २४ एप्रिल १९९३ रोजी पंचायतींना घटनेत स्थान देणारी ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली तेव्हा आम्हाला हायसे वाटले. पाच वर्षांची मुदत, ती संपण्यापूर्वी निवडणूक, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग, दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग आणि महिलांना किमान एक तृतीयांश जागा, ज्यांचे प्रमाण कर्नाटकाने पुढे एकूण जागांच्या निम्म्यावर नेले. एक क्रियापद मात्र कारकुनाच्या नजरेतून सुटत नाही. निवडणुकीच्या कलमात ‘झालीच पाहिजे’ असा हुकूम आहे. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी नेमलेले २९ विषय आणि ते चालवण्याचे अधिकार यांच्या बाबतीत मात्र राज्य विधिमंडळ ते ‘देऊ शकेल’ एवढेच म्हटले आहे. सगळी गोम त्या ‘शकेल’मध्ये आहे.

आणि हुकूम तरी कुठे पाळला गेला? २०१६ साली निवडून आलेल्यांची मुदत २०२१ मध्ये संपली. मतदारसंघ आखण्याचे काम निवडणूक आयोगाकडून काढून वेगळ्या सीमांकन आयोगाकडे दिले गेले, त्याच वर्षी इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी कसोटी (स्वतंत्र आयोगाची पाहणी, तिच्यावरून ठरलेले प्रमाण आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या आत) बंधनकारक केली, आणि या दोन कारणांच्या आडोशाला वर्षे उलटली.

पैशाचे कसे होते ते एका प्रसंगावरून सांगतो. केंद्राच्या चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या काळात केंद्राचे अनुदान केवळ ग्रामपंचायतींना दिले. तालुका आणि जिल्हा पंचायतींच्या वाट्याला त्यातून काहीच आले नाही. त्याच काळात घाटाकडच्या एका गावच्या सदस्य बाई कापडी पिशवीतून फुटके कौल घेऊन सभेला आल्या आणि ते त्यांनी टेबलावर ठेवले. मराठी शाळेचे छप्पर गळत होते. साहेब म्हणाले, अर्थसंकल्पाच्या या शीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या या सदराखाली, तरतूद नाही. ग्रामपंचायतीकडे पैसा होता, पण शाळा तिच्या अखत्यारीत नव्हती. कौलाची माती टेबलावर तशीच राहिली, ती शिपायाने संध्याकाळी पुसली. पावसाळाभर त्या वर्गावर ताडपत्री होती.

पंधराव्या आयोगाने जिल्हा स्तराला पुन्हा पाच ते पंधरा टक्के वाटा दिला खरा. परंतु २०२१ ते २०२६ या काळातल्या एकूण अनुदानातला साठ टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छता यांना बांधलेला. नळयोजना हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. पण कोणत्या गावाला आधी काय हवे हे दिल्लीत ठरले, तर सदस्याने सभेत ठरवायचे तरी काय? शिवाय निवडून आलेले मंडळ नसेल तर तो वाटाही अडतो, म्हणजे निवडणूक लांबवण्याची किंमत गावेच मोजतात.

राज्याच्या अर्थसंकल्पाबरोबर लिंक डॉक्युमेंट निघते. प्रत्येक जिल्हा पंचायतीला कोणत्या शीर्षाखाली किती रक्कम मिळणार ते त्यात असते. बराचसा आकडा शिक्षक आणि कर्मचारी यांच्या पगारातच जातो. तो वजा करून उरते तेवढ्यावरच तुझा अधिकार, हे प्रचाराला निघण्यापूर्वी समजून घे. सभेची विषयपत्रिका कन्नडमध्ये येते. त्याविरुद्ध भांडायचे तर जरूर भांड, पण ती वाचता येऊन भांड; माझ्या नोकरीत कितीतरी मराठी सदस्य ठराव माझ्याकडून समजावून घेऊन मग सही करीत, आणि मी काय सांगेन त्यावर त्यांना विसंबावे लागे.

गणपतीला येशील तेव्हा चार दिवस जास्त काढ. जुनी तीन लिंक डॉक्युमेंट मी माळ्यावरून काढून ठेवली आहेत. शिक्षणाच्या शीर्षापासून सुरुवात करू.

तुझा,
बाबा