नावावरून बाई की बाप्या ते ठरवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेली दोन-तीन वर्षं आपल्या कोकणात वंशावळी काढायचं काम जोरात चाललंय. 2023 ला निवृत्त न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली, कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं उघडली, मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली आणि तेव्हापासून दाखल्यासाठी म्हणा, हौसेसाठी म्हणा, प्रत्येक भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी जुन्या कागदांचे फोटो टाकतच असतं. खूप चांगलं काम आहे. पण त्यात एक चूक सगळीकडे होतेय आणि ती आत्ताच थांबवली नाही तर पुढच्या पिढीला निस्तरता येणार नाही म्हणून हे पत्र.

मोबाईलवरच्या ॲपमध्ये नाव टाकलं की लगेच स्त्री की पुरुष विचारतात, आणि भरणारी मुलं मुंबई-पुण्याची, ती कानाला जे वाटेल ते दाबून मोकळी होतात. आमच्या भावकीच्या वंशावळीत 'बाबी' नावापुढे स्त्री लागलं होतं. ते ग्रुपवर आलं तसा गावच्या एका आजोबांचा फोन, "अरे बाबी म्हणजे माझो मोठो चुलतो, तो बाय खयसून झालो?" सिंधुदुर्गात बाबी, बाबली ही बाप्यांची नावं आहेत हे इथल्या शेंबड्या पोरालापण माहीत असतं, दशावतारी नाटकातले बाबी नालंग, बाबी कलिंगण ही केवढी मोठी माणसं. पण बोरिवलीत वाढलेल्या मुलाला ते कसं कळणार, त्याची चूक नाही.

आणि एकटा बाबीच नाही. जुन्या लोकांत अर्धी नावं अशी दोन्हीकडे चालणारी होती, कारण कागदावर सुद्धा घरात हाक मारायचे तेच नाव जायचं. येसू म्हटलं तर येसाजी पण असेल आणि येसूबाई पण. भागू म्हणजे भागोजी किंवा भागीरथी. तानू म्हटलं की आपण तानाजी धरतो, पण 'दीनबंधु' पेपर चालवणाऱ्या संपादक तानूबाई बिर्जे बाई होत्या. मूल जगत नसलं की धोंडू, भिकू, केरू अशी नावं ठेवायचे, ती मुलग्याला पण आणि मुलीला पण, म्हणून मुरुडचे महर्षी कर्वे धोंडो आणि गायिका कुलकर्णी धोंडूताई. नवसाच्या मुलग्याचं नाक टोचून त्याला नथू म्हणायचे, ते तर आज कोणालाही बाईचंच नाव वाटेल.

मग कळायचं कसं? कागदातच असतं, पण ते आपण टाइप करताना गाळतो. जमिनीच्या जुन्या फेरफारात दोन नावांच्या मधे एक बारीकसा शब्द असतो. 'बिन' असेल तर अमक्याचा मुलगा, 'कोम' किंवा 'भ्रतार' असेल तर अमक्याची बायको. मुसलमान घरांच्या कागदात मुलाला 'वल्लद' लिहिलेलं सापडतं. आता समजा कागदावर आहे 'भागू कोम तुकाराम' आणि टाइप करणाऱ्याला कोम कळलं नाही म्हणून त्याने नुसतं 'भागू तुकाराम' केलं. झालं! आपल्याकडे मधलं नाव बापाचं धरायची सवय, त्यामुळे तुकारामाची बायको त्याचा मुलगा झाली, तिची पोरं त्याची नातवंडं झाली आणि नसलेली एक अख्खी पिढी वंशावळीत घुसली. हे मी कल्पनेने नाही सांगत, आमच्याकडे असाच घोळ झालेला आणि वारसाच्या कामाला तलाठ्यासमोर तो निघाला.

बायकांचं तर आणखी अवघड आहे. लग्नात नाव बदलायचे, तांदळात लिहायचे, म्हणजे माहेरच्या कागदात एक बाई आणि सासरच्या कागदात दुसरीच. कर्व्यांच्या घरातलंच बघा, गोदूबाई 1893 ला पुनर्विवाह करून आनंदीबाई झाल्या आणि सगळे त्यांना बाया म्हणायचे. तीन नावं, बाई एकच! त्यांची माहिती छापून आली म्हणून कळतं तरी, आपल्या पणज्यांचं कोण सांगणार? नावच न लागणं ही काय फक्त आपल्या घरातली गोष्ट नाही, 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीला देशात जवळपास 28 लाख बायकांची नावं मतदार यादीतून गाळावी लागली कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची मुलगी एवढंच सांगितलं होतं. आता 1 मे 2024 नंतर जन्मलेल्यांच्या कागदावर आईचं नाव आधी येतंय याचा मला खरंच आनंद आहे, पण आपल्या आज्या-पणज्यांना त्याचा काय उपयोग.

म्हणून कळकळीची विनंती आहे. नात्याचा पुरावा मिळेपर्यंत स्त्री-पुरुषाचा रकाना मोकळा सोडा, मोकळा रकाना नंतर कोणीतरी भरेल पण चुकीचा भरलेला परत कोण उघडून बघत नाही. बिन, कोम, भ्रतार जसंच्या तसं उतरवा. गाव नमुना 14 ची जन्ममृत्यूची नोंद मिळाली तर आधी ती बघा, तिथे बाळाचं नाव नसलं तरी मुलगा की मुलगी हे बहुतेक लिहिलेलं असतं. 'बाबी'चं सुधारून 'बबिता' तर कृपा करून करू नका. आणि गणपतीला, शिमग्याला घरी जाल तेव्हा म्हाताऱ्या बायकांना त्यांचं माहेरचं नाव, आईचं नाव, आईच्या माहेरचं गाव विचारून घ्या, पुरुषांना ते बहुतेक माहीत नसतं.

संपादक साहेब, तुमच्या रविवारच्या पुरवणीत थोडी जागा दिलीत तर वाचक आपापल्या गावातली अशी दोन्हीकडे चालणारी नावं कळवतील. मालवणची वेगळी निघतील, गुहागरची वेगळी, अलिबागची वेगळी. आमच्या गावची मी आधी पाठवतो.

एक वाचक,
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग