देवाचे इमान आणि स्तोत्रांतली तक्रार

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या उन्हाळ्यात माझी पत्नी वारली. नागपुरातल्या जरीपटक्याच्या ख्रिस्ती दफनभूमीतून परतल्यावर सदरमधल्या आमच्या घरी प्रार्थना झाली, बायबलमधले २३ वे स्तोत्र वाचले गेले, आणि भेटायला येणारे जवळजवळ सगळेच एक वाक्य सांगत राहिले, ‘रडू नका, देव विश्वासू आहे.’ सांगणाऱ्यांची माया खरी होती. परंतु त्या वाक्याने माझे तोंड बंद होत होते. ज्या ग्रंथाच्या आधाराने ते बोलले जात होते, तो ग्रंथ मात्र कोणाचेच तोंड बंद करीत नाही, हे मला पुढे वाचताना कळले, आणि त्याबद्दलच हे पत्र आहे.

प्रार्थनेनंतरच्या दिवसांत मी रोज पाच स्तोत्रे क्रमाने वाचू लागलो; अशाने १५० स्तोत्रे महिन्याभरात पूर्ण होतात. (अँग्लिकन उपासनेत स्तोत्रसंहिता ३० दिवसांत वाचण्याची जुनी रीत आहे.) क्रमाने वाचणाऱ्याला आवडनिवड करता येत नाही, आणि म्हणून ८८ वे स्तोत्र टाळता येत नाही. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी कोठेतरी आशेकडे वळतात, हे वळत नाही; मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्द अंधार हा आहे. तुझ्या सत्यतेचे, म्हणजे विश्वासूपणाचे, वर्णन मृतांच्या ठिकाणी कोण करणार, असा सरळ प्रश्न त्यात देवाला विचारला आहे. त्याच्याच पाठोपाठ येणारे एथान एज्राही याचे ८९ वे स्तोत्र त्याच सत्यतेचे गाणे गात सुरू होते.

ज्या हिब्रू शब्दासाठी मराठीत ‘सत्यता’ येतो, तो ‘एमुना’ हा शब्द या एका ८९ व्या स्तोत्रात सात वेळा आला आहे. त्याचा मूळ अर्थ स्थिरपणा, न डळमळणे असा आहे. बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या १७ व्या अध्यायात लढाई चालू असताना अहरोन आणि हूर यांनी इस्राएलांचा पुढारी मोशे याचे थकलेले हात सूर्यास्तापर्यंत धरून ठेवले, तेव्हा ते हात ‘एमुना’ राहिले असे मुळात म्हटले आहे. आपण प्रार्थनेच्या शेवटी म्हणतो ते ‘आमेन’ याच धातूचे, आणि अरबीतून मराठीत आलेला ‘इमान’ हा शब्दही त्याच सेमिटिक धातूकुळातला आहे. माझ्या मते ‘सत्यते’पेक्षा ‘इमान’ या अर्थाच्या अधिक जवळ जातो, कारण खरे असणे आणि दिलेल्या शब्दाला जागणे यांत फरक आहे.

आता ८९ व्या स्तोत्राची रचना पाहावी. एकूण ५२ वचनांपैकी पहिल्या ३७ वचनांत स्तुती आणि देवाने दाविद राजाशी केलेला, त्याचे राजासन टिकवण्याचा करार आहे. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पुष्कळदा वाचन तेवढ्यावरच थांबते. ३८ व्या वचनापासून सूर पालटतो : तूच करार मोडलास, मुकुट धुळीला मिळवलास, असा थेट आरोप कवी करतो आणि ४९ व्या वचनात विचारतो की, ज्या इमानाने तू दाविदाशी शपथ वाहिलीस, ती पूर्वीची दया कोठे आहे? ‘एमुना’ सातव्यांदा येतो तो या तक्रारीत. देव इमानी आहे यावर ज्याचा विश्वासच नाही, तो असा जाब विचारील कशाला? ज्याने शब्द दिलेला असतो, त्याच्याच दारात माणूस असा बसतो. विठ्ठलाला शिव्या देणाऱ्या जनाबाईचे अभंग ज्यांच्या ओठी आहेत, त्या मराठी वाचकांना हा हक्क समजावून सांगण्याची गरज नाही. गरज असलीच तर ती आम्हा मंडळीतल्यांना आहे.

९२ व्या स्तोत्रात सकाळी देवाचे वात्सल्य आणि रात्री त्याची सत्यता वर्णावी, असे म्हटले आहे. गेल्या वर्षभरात, कूलरच्या आवाजात जागून काढलेल्या कितीतरी रात्रींत, ही वाटणी मला पटली : वात्सल्य दिवसा दिसते, इमानावर रात्र काढावी लागते.

म्हणून शहरातील पाळकांना आणि मंडळ्यांतील वडीलधाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, सांत्वनाच्या प्रार्थनेत २३ वे स्तोत्र जरूर वाचावे, पण त्याबरोबर ८८ वेही वाचावे, आणि ८९ वे वाचायला घेतले तर ३७ व्या वचनाशी थांबू नये.

आपला नम्र,
एक वाचक
सदर, नागपूर