बहुमत नसताना राजाने काय करावे?

महोदय,

ब्रिटनमध्ये २०१० साली कोणत्याच पक्षाला बहुमत मिळाले नाही, तेव्हा पाच दिवस पक्षांची बोलणी चालू होती आणि राणी एलिझाबेथ त्यांपासून कटाक्षाने दूर राहिल्या. मावळते पंतप्रधान गॉर्डन ब्राउन तोवर पदावर होते. ११ मे रोजी त्यांनी राजीनामा दिल्यावरच राणींनी डेव्हिड कॅमेरॉन यांना सरकार बनवण्यासाठी पाचारण केले. स्वीडनने तर १९७४ च्या राज्यघटनेने हे काम राजाकडून काढून संसदेच्या अध्यक्षांकडे सोपवले.

आपल्याकडे महाराष्ट्रात मात्र कोणत्याच पक्षाला बहुमत नसताना २३ नोव्हेंबर २०१९ रोजी भल्या सकाळी राज्यपालांनी राजभवनात देवेंद्र फडणवीस यांचा मुख्यमंत्रिपदाचा शपथविधी उरकला आणि २६ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने बहुमत चाचणीचा आदेश देताच मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. अवकाळी पावसाने झोडपलेल्या द्राक्षबागांचे घड सडत असताना दाद कोणाकडे मागायची, हेच त्या दिवसांत नाशिक जिल्ह्यातल्या बागायतदारांना कळत नव्हते, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

निवडून न आलेल्या राजालाही जो संयम पाळावा लागतो, तो नियुक्त राज्यपालांना बंधनकारक का नसावा? सत्तास्थापनेसाठी आलेली पाठिंब्याची पत्रे शपथविधीपूर्वी जाहीर करण्याचा आणि बहुमत चाचणीची मुदत ठरवून देणारा नियम कायद्यात लिहिला जावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

– एक वाचक, नाशिक