मॅजिकार्प टाकाऊ नाही, तो बेंचवर ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या लागल्या की जळगाव, भुसावळ, धुळ्यात पोकेमॉन कार्डांच्या अदलाबदलीला ऊत येतो. त्यात सगळ्यात आधी हातचा जातो तो मॅजिकार्प हा माशासारखा पोकेमॉन. एका चकचकीत सोनेरी कार्डापायी मुलं चार-चार मॅजिकार्प देऊन टाकतात, आणि जाणते खेळाडूही त्याला भरतीचं कार्ड म्हणतात. आम्हाला हे अजिबात पटत नाही, कारण याच मॅजिकार्पचा पुढे ताकदवान ग्याराडोस होतो.

1999 च्या बेस सेटमधलं, म्हणजे पोकेमॉन कार्डांच्या पहिल्या इंग्रजी संचातलं हे कार्ड. एचपी, म्हणजे किती मार सोसेल तो आकडा, अवघे 30. टॅकल या हल्ल्याचा मार 10. दुसरा हल्ला फ्लेल स्वतःच्या अंगावरच्या प्रत्येक डॅमेज काउंटरमागे (एक काउंटर म्हणजे बसलेला 10 चा मार) 10 मारतो, पण तिसरा काउंटर बसला की मॅजिकार्पच बाद. म्हणजे फार तर 20. दुबळा आहे, यात वाद नाही.

घात होतो तो मांडणीत. सुरुवातीलाच तो एकटा पुढे ठेवला आणि समोर हिटमोनचॅन आला, तर एकाच फायटिंग एनर्जीवर (हल्ल्यासाठी पोकेमॉनला लावायचं कार्ड) त्याच्या जॅब हल्ल्याचे 20, वर मार वाढवणाऱ्या प्लसपॉवर कार्डाचे 10. बेंच (मागची राखीव पोकेमॉनची जागा) रिकामा असेल तर डाव तिथंच संपतो. म्हणून पुढे 120 एचपीची चॅन्सी उभी करावी आणि मॅजिकार्प बेंचवर ठेवावा, तोही एक नाही, दोन. कारण गस्ट ऑफ विंड हे कार्ड लावून समोरचा एकाला पुढे ओढतोच. ज्या पाळीत मॅजिकार्प मांडला त्याच पाळीत त्याचा ग्याराडोस करता येत नाही; ती एक पाळी निभावणं हेच खरं काम.

मग मात्र 100 एचपीचा ग्याराडोस उभा राहतो. त्याला फायटिंगचा 30 चा रेझिस्टन्स आहे, म्हणजे फायटिंग पोकेमॉनचा मार 30 ने कमी होतो, त्यामुळे त्याच हिटमोनचॅनचा जॅब शून्यावर येतो आणि 40 चा स्पेशल पंच 10 वर. गवताच्या पोकेमॉनपासून मात्र जपावं, तिथं मार दुप्पट बसतो. ग्याराडोसच्या ड्रॅगन रेज हल्ल्याच्या 50 साठी तीन वॉटर एनर्जी लागतात. पाळीला एकच लावायची, त्यात समोरच्याकडे लावलेली एनर्जी काढून टाकणारं एनर्जी रिमूव्हल कार्ड असतंच! यावर उपाय ब्लास्टॉइज हा पोकेमॉन: त्याच्या रेन डान्स या शक्तीमुळे हातातल्या हव्या तेवढ्या वॉटर एनर्जी एका पाळीत लावता येतात. आधी एनर्जी लावून घ्याव्यात, नंतरच प्रोफेसर ओक हे हात टाकून नवी कार्डं ओढायचं कार्ड खेळावं. क्रम चुकला तर उरलेल्या हातासोबत त्या एनर्जीही डिस्कार्डमध्ये जातात.

सुट्टीत सामने भरवणाऱ्यांना विनंती, जुनी आणि नवी कार्डं एकाच डावात मिसळू नका. 2023 च्या ऑब्सिडियन फ्लेम्स संचातला चारिझार्ड ईएक्स 330 एचपीचा आहे. त्याला ड्रॅगन रेजचे सात वार लागतील. अशा डावात जुनं कुठलंच कार्ड तग धरणार नाही, मग बोल मॅजिकार्पलाच का? बेस सेटचे सामने वेगळे ठेवा.

आणि पालकांनो, मुलांकडे ग्याराडोस असेल तर मॅजिकार्प देऊ देऊ नका. त्याच्याशिवाय ग्याराडोस डावात उतरवताच येत नाही.

– पोकेमॉन कार्ड खेळणारे काही वाचक, जळगाव